नावाड्याची हाक

१६ मे

फार दिवसांनी आज कोणावर तरी मनापासून संतापता आलं. बरं वाटलं.

दिपाली कापगते माझ्या साडीला फॉल लावून घेऊन आली होती. आमच्याच ओळीत चार क्वार्टर सोडून राहते. नवरा प्रफुल्ल स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतो. मूळचे भंडाऱ्याकडचे शेतकरी, आता दोन पिढ्या भिलाईचे. बाई एरवी हसतमुख, पण आज डोळे सुजलेले. पोरीचं काही तरी असणार म्हणून विचारलं, तर खरंच पोरीचंच निघालं.

दामिनीला दहावीत इंग्रजीत पंच्याण्णव मार्क मिळाले. अकरावीला तिने इंग्रजी साहित्य मागितलं आणि शाळा म्हणते, नाही.

"मॅडम म्हणते पोरगी वर्गात तोंड उघडत नाई. साहित्याच्या वर्गात सगळ्याईसमोर वाचा लागते, चर्चा करा लागते. म्हणून मॅथ्स घेऊन टाका म्हणते."

"आणि तिचा बाप काय म्हणतो?"

"ते म्हणतात, नाई जमलं त मॅथ्स अन् कोचिंग. बाकीचे पोट्टे तेच करून राहिले ना जी."

"आणि पोरगी?"

"ती काय म्हणन. दोन दिवसापासून रडून राहिली. तेबी बिनआवाजाचं."

या गावात एखाद्या हुशार पोराने गणित सोडलं की लोक हळूच विचारतात, तब्येत बरी आहे ना? पंच्याण्णव मार्कांच्या मुलीला साहित्य नाकारणाऱ्या शाळेच्या बाईंना मी पाच मिनिटं तरी भेटायला हवं होतं. दिपाली खूप हातापाया पडल्यावर त्यांनी एक संधी दिली आहे. चौदा जूनला तिथल्या शिक्षकांसमोर एक कविता मोठ्याने वाचायची आणि तिच्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची.

"उद्या चार वाजता पाठवून दे," मी म्हणाले.

केवळ शाळेच्या रागापायी हे करते आहे. दुसरं काही कारण नाही.

१७ मे

चार वाजता मी पेपर वाचत बसले होते. मान वर केली तर पोरगी समोर उभी. फाटक वाजलं नाही, चप्पल वाजली नाही, दाराची कडीसुद्धा नाही. चोरासारखी चालते. पाण्याचा पेला खाली ठेवला तो असा, जणू टीपॉयवर तान्हं मूल निजलं आहे.

"मला आजी म्हणायचं नाही. मॅडम म्हणायचं."

तिने मान हलवली.

"मान हलवायला इथे बैल पाळलेले नाहीत. तोंडाने बोल."

"हो," असं म्हणाली असावी. ओठ तरी हलले.

कविता तिने स्वतःच निवडली आहे. इंग्रजीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांतली, अभ्यासक्रमात नसलेली. दाट धुक्यात एक नावाडी नदीकाठी उभा आहे आणि पैलतीराकडे हाका मारतो आहे, कोणी उतारू आहे का म्हणून. शेवटपर्यंत उत्तर येत नाही आणि तो हाका मारायचं थांबत नाही. कविता चांगली आहे. पण त्या नावाड्याच्या हाका ही बया अशा कुजबुजत वाचते, जणू नदी ओलांडायची नसून चोरून विकायची आहे. ऐकू यावं म्हणून मी कूलर बंद केला. बाहेर पंचेचाळीस डिग्री. घामाने ब्लाउज भिजलं तरी दुसऱ्या कडव्यातलं अक्षर कळेल तर शपथ.

नाव दामिनी आणि आवाज मेणबत्तीचा.

१८ मे

रायपूरला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा आम्हाला हॉलच्या टोकाला उभं करून वाचायला लावत आणि स्वतः दुसऱ्या टोकाला बसत. ऐकू आलं नाही की घंटी वाजवत. वक्तृत्वाचा कप मी दोनदा घेतला आहे. आज दामिनीसमोर मी अख्खी कविता म्हणून दाखवली. शेजारच्या क्वार्टरचं कुत्रं भुंकायला लागलं. पोरगी दचकून मागच्या दाराकडे बघायला लागली, जणू आता कोणी तरी धावून येणार.

इथे कोण येणार आहे?

माझा आवाज मोठा आहे हे मला ठाऊक आहे. पूर्वी एवढा नव्हता. आमच्या यांना, उमाकांतना, शेवटची चार वर्षं ऐकू येत नसे. मशीन कानात घालायचे नाहीत, खाजतं म्हणायचे. चढवलेला आवाज मग चढलेलाच राहिला. आता उतरवून तरी कोणासाठी ठेवायचा?

२१ मे

आज भांडण झालं. म्हणजे मी भांडले.

कवितेचा अर्थ सांगत होते. नावाडी म्हणजे परमेश्वर, पैलतीर म्हणजे मोक्ष आणि धुकं म्हणजे अज्ञान. सगळं नीट लिहून घे म्हटलं. तिने लिहिलं. मग पेन खाली ठेवून खाली बघत राहिली.

"काय झालं? पटलं नाही?"

मग पुटपुटली, "त्याले उतारू नाई पाहिजेत, मॅडम."

"मग तो काय गंमत म्हणून बोंबलतो आहे?"

"त्याले... मतलब, दिसून नाई राहिलं ना काही. एकटा आहे तो. पलीकडं कोणी आहे का, एवढंच पाहिजे त्याले. कोणी नुसतं 'ओ' म्हटलं तरी चालन."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा एका दमात एवढं बोलली. मी म्हणाले, मूर्खासारखं बोलू नकोस, असलं काही उत्तर त्या शिक्षकांसमोर दिलंस तर गणित आणि कोचिंग ठरलेलं समज. कवितेला एक अर्थ असतो आणि तो शहाण्या माणसांनी आधीच काढून ठेवलेला असतो.

ती गेल्यावर उगीच चिडचिड होत राहिली. जेवताना रेडिओ लावला. कार्यक्रम शेतीचा होता, धानावरच्या किडीचा. तरी बंद केला नाही.

२५ मे

सिविक सेंटरला बँकेत गेले होते. येताना शेव, डाळ्या, पातळ पोहे आणले. चिवडा केला. दामिनीसाठी नव्हे, डबा रिकामा होता म्हणून. तिला शेंगदाणे आवडतात असं दिसतं. एकेक वेचून खाते, चावण्याचाही आवाज नाही.

विचारलं, एवढी इंग्रजी पुस्तकं कुठे वाचलीस? या मुलीने शाळेच्या लायब्ररीतलं कपाटच संपवलं आहे.

"आमच्या घरी पुस्तकच वाचता येते," म्हणाली.

टीव्ही नाही का? आहे, म्हणाली, आणि पुढचा शेंगदाणा वेचला. काय घर असेल! टीव्ही आहे, पण लावायची सोय नाही.

वाचनात अजून काडीचा फरक नाही. पण एक कबूल करायला हवं. कुजबुजते, तरी कुठे थांबायचं ते तिला कळतं. मला सिस्टर अगाथांनी छडी दाखवून शिकवलं होतं.

२९ मे

आता माझ्या ध्यानात सगळं आलं. आंधळी नाही मी.

या आठवड्यात रोज साडेचारच्या सुमारास ही घड्याळाकडे बघते आणि तिचे खांदे सैल पडतात. आज मी पकडलं. "काय बघतेस?"

"काही नाई. बाबा उठले असन आता."

"बाबा ओरडतात का घरी?"

"नाई."

"मारतात?"

"नाई, मॅडम! कधीच नाई." घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

खोटं बोलते. बाप घरात असेपर्यंत पोरीचा जीव मुठीत, टीव्ही लावायची चोरी, चालायची चोरी, पेला ठेवायची चोरी. आणि तो प्रफुल्ल रस्त्यात भेटला की काय नम्रपणे नमस्कार करतो! असले नम्र पुरुष मी ऑफिसात तीस वर्षं बघितले आहेत. साहेबासमोर वाकतात आणि घरी जाऊन ताठ होतात.

उद्या जाते. त्याची रात्रपाळी आहे, म्हणजे दुपारी घरीच सापडेल.

३० मे

लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

बारा वाजता गेले. फाटकाच्या कडीला जुन्या पातळाची चिंधी गुंडाळलेली होती. काय गबाळेपणा, म्हणून मी ती सोडून फेकून दिली आणि कडी दणकून वाजवली. बेल दाबली तर वाजेना, तिची तार काढून ठेवलेली. मग हाका मारल्या, दिपाली! दिपाली! ओळीतले दोन-तीन पडदे हलले. समोरच्या बाईने गॅलरीतून दोन्ही हातांनी नको-नको केलं. मला वाटलं, तीही त्या माणसाला भिते.

दिपाली अनवाणी धावत आली, बोट ओठांवर. मी कशाला ऐकते. म्हटलं, "बोलाव तुझ्या नवऱ्याला. मला त्याला दोन गोष्टी विचारायच्या आहेत."

तो आला. लुंगी, बनियन, डोळे लालभडक. मी सुरू झाले. पोरीला काय धाकात ठेवलं आहे, तिचा आवाज घशात मेला आहे, बाप आहात का कोण आहात, असं सगळं. तो हात जोडून उभा. दाराच्या फटीत दामिनी दिसली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी थांबले. पोरीला भीती वाटत होती खरी. पण ती त्याची नव्हे, त्याच्यासाठी.

मग दिपालीने सांगितलं, ते कुजबुजतच.

"मॅडम, दोन खोल्याचं घर आहे. नाइट शिफ्ट असली का हे दिवसा झोपतात. फर्स्ट असली का पहाटे चारला उठतात, मंग रात्री आठलाच झोपा लागते. सेकंडले रात्री उशिरा येतात, सकाळी झोपतात. वरून क्रेन चालवाची आहे जी. खाली माणसं असतात, वरून गरम लोखंड जाते. डोळा लागला त? म्हणून आम्ही आवाज करत नाई. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईनं पहिलं हेच सांगतलं. दामिनी त जन्मापासून असीच."

त्यांच्याकडे कुकरची शिटीसुद्धा होत नाही. उघड्या पातेल्यात डाळ शिजवतात. भाजीवाला या फाटकासमोरून मुकाट्याने गाडी ढकलतो. अख्ख्या ओळीला ठाऊक आहे. मलाच नव्हतं. मी नेहमी नऊ ते साडेपाच, उमाकांत ऑफिसर, तेही तसेच. या टाउनशिपमध्ये माझा जन्म गेला आणि दिवसा माणसं झोपतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

येताना फाटकाबाहेरची चिंधी उचलून पुन्हा कडीला गुंडाळली. नीट बांधता येईना. दामिनीने येऊन बांधली.

१ जून

काल ती आली नाही. मी बोलावलं नव्हतंच.

आज संध्याकाळी प्रफुल्ल आला. ड्यूटीला जायच्या आधी, हातात हेल्मेट. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण मला त्याची सवय नाही, शब्द सापडेपर्यंत तोच म्हणाला, "मॅडम, पोरीले शिकवणं बंद नका करू जी."

"कोण म्हणालं बंद केलं? उद्या चारला येऊ दे तिला."

बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला टेकला. हेल्मेट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मले वाटे, पोरगी माया मायवर गेली. माय माही अबोल होती. मी कधी म्हटलं नाई, का चूप राहा. आता पाहून राहिलो का म्हणाची गरजच नाई पडली."

"तुम्ही दिवसभर यंत्रांच्या आवाजात असता, घरातल्या आवाजाने जाग येते?"

"प्लांटमधी कितीबी घण पडू द्या, काही नाई. घरी चमचा पडला का उठतो. घर आहे ना जी ते." उठून दारापर्यंत गेला. मग वळून विचारलं, "तुमाले आयकू आला का मॅडम तिचा आवाज? कसा आहे?"

सोळा वर्षांच्या मुलीचा बाप हे मला विचारत होता. मी म्हणाले, "अजून नाही. आला की सांगते."

४ जून

नवी पद्धत. घरात नाही, मागच्या अंगणात. ती पायरीवर, मी खुर्ची घेऊन पेरूच्या झाडाखाली. ऐकू आलं नाही की मी हात वर करायचा. तासभर माझा हात वरच होता. खांदा दुखतो आहे. रोज खुर्ची थोडी थोडी मागे नेणार.

ओरडू नकोस, असं तिला दहा वेळा सांगितलं. ओरडणं वेगळं, पोचवणं वेगळं. तिने विचारलं, "मंग तुमी काय करता, मॅडम?"

आगाऊ कार्टी. पण हसले मी.

७ जून

खुर्ची आज भिंतीपर्यंत पोचली. त्यापुढे जागा नाही, म्हणून मी मागचं फाटक उघडून गल्लीत गेले आणि भिंतीआड उभी राहिले. आतून सुरुवात झाली. पहिलं कडवं पोचलं नाही. दुसरं थोडं थोडं. उन्हाने मला गरगरल्यासारखं झालं म्हणून मी पलीकडे नालीवरच्या लहानशा पुलियावर जाऊन बसले. दगडही तापलेला होता. डोळे मिटून घेतले.

आत कविता थांबली. माझ्यात ओ देण्याइतकंही त्राण नव्हतं.

"मॅडम?"

मग थोड्या वेळाने, "मॅडम, आयकू येऊन राहिलं का?"

आणि मग एकदम, "आजी! ओ आजी! आहे ना तुमी तिथं?"

गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला तो आवाज. खणखणीत, किंचित खरखरीत, खालच्या सुरातला. मुलगी धावत बाहेर आली, चपला फटफटत. मला पुलियावर बघून रडायलाच लागली, तेही आवाज करून. पाणी आणलं, ओढणीने वारा घातला. ओळीतले चार जण गोळा झाले. मी सगळ्यांना हाकलून दिलं.

मला इतक्या मोठ्याने कोणी हाक मारून बरेच दिवस झाले होते.

सावरल्यावर तिला म्हणाले, "आता तुझा नावाडी असाच वाच." तिने तिथेच, गल्लीत उभं राहून वाचला. मला तो परमेश्वर वाटला नाही. धुक्यात एकटा सापडलेला माणूस वाटला. हे मी तिला सांगितलं नाही, पण वहीतला मोक्ष आणि अज्ञान खोडून टाक म्हटलं.

मॅडम की आजी, हा प्रश्न नंतर काढायचा म्हटलं, पण विसरले.

११ जून

प्रफुल्लला सांगायचं होतं, आवाज कसा आहे ते. फाटकापाशी भेटला. सांगायला गेले तर सांगता येईना. "चौदा तारखेला तुम्हीच या," म्हणाले. त्याची पुन्हा नाइट लागली आहे, कोणा सोबत्याची ड्यूटी करतो आहे म्हणे. म्हणाला, सुटल्यावर सरळ तिकडेच येतो.

दामिनी दोन दिवसांपासून पुन्हा हळू वाचते आहे. घरी नाइट आहे ना. मी रागावले नाही. सिस्टर अगाथा असत्या तर घंटी फोडली असती.

१४ जून

सकाळी साडेनऊची वेळ दिली होती. मी आणि दामिनी ऑटोने गेलो. दिपालीने तिला तेल लावून अशा घट्ट वेण्या घातल्या होत्या, की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. वाटेत मी तिला शेवटचा उपदेश करणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, तुमी आता बोलू नका. मले ते लक्षात ठेवू द्या." मी खरंच बोलले नाही. पावर हाउसच्या चौकापर्यंत ऑटोवालाच बोलत होता.

प्रफुल्ल शाळेच्या व्हरांड्यात आधीच बसलेला. कामाचेच कपडे, बुटांवर धूळ, रात्रभर जागून डोळ्यांखाली काळं. लेकीला बघून उठला, खिशातून रुमाल काढला, मग काय करायचं ते न सुचून परत ठेवला. तिला आत बोलावलं. दार लोटलं गेलं.

आम्ही दोघं बाकावर. आधी काही ऐकू आलं नाही. मग आतल्या बाईंचा आवाज, "लाउडर, प्लीज." मी उठायच्या बेतात होते, त्याने माझ्या हाताला हात लावला. आणि मग आला.

नावाडी हाका मारत होता. दारातून, खिडकीतून, लांबलचक व्हरांड्यातून. झाडू मारणारी बाई थांबून बघायला लागली. प्रफुल्ल पुढे वाकून ऐकत होता, तोंड किंचित उघडं. इंग्रजी त्याला फारसं येत नाही. दुसऱ्या कडव्याला त्याचे डोळे भरून आले. तिसऱ्याला मी बघते तर डोळे मिटलेले. चौथ्याला मान भिंतीला टेकलेली. माणूस गाढ झोपला होता. चमच्याने जागा होणारा माणूस, लेकीच्या भर आवाजात.

कविता संपली. आत प्रश्न सुरू झाले. तिचं उत्तर ऐकू आलं, "तो एकटा आहे," एवढं तर नक्कीच. मग बराच वेळ बोलणं आणि मग कोणी तरी हसलं, चांगलं हसणं. शिपाई रजिस्टर बाकावर आपटायला आला. मी त्याचा हात धरला. "हळू," म्हणाले. "झोपले आहेत ते." मला माझाच आवाज ओळखू आला नाही, इतका तो लहान होता.

दार उघडलं. दामिनी बाहेर आली. मी घाईने बोट ओठांवर ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. जन्मात कधी तिने त्याला उठवलं नव्हतं.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, उठा! घेतलं मले!"

तो ताडकन उठला. "काय झालं? किती वाजले?" मग तिच्याकडे बघत राहिला. कानशिलं लाल झाली. "मले झोप लागली का गं? आयकलंच नाई मंग मी पुरतं."

"मंग आता आयका," ती म्हणाली.

स्कूटर स्टँडमध्ये, गाड्यांच्या दोन रांगांमध्ये उभं राहून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. येणारी-जाणारी मुलं थांबून बघत होती. तो हेल्मेट छातीशी धरून उभा होता. तिसऱ्या कडव्यात एका शब्दाचा उच्चार तिने साफ चुकवला. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

उद्या सांगेन.